घरातील रोपांना उन्हाळ्याचा ताण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ठाण्यातील आमच्या सदनिकेत पश्चिमेच्या बंद काचेच्या खिडकीजवळ, एलईडी ट्यूबखाली, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या ट्रेमध्ये मी टोमॅटोची रोपे वाढवत आहे. मार्चअखेरपासून पाने वरच्या बाजूला वळू लागली, कडा करपल्या आणि खालची पाने पिवळी पडली. खत कमी पडत असावे, असे समजून दर तीन दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश सम प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला एक चमचा या प्रमाणात देत आहे; तरीही सुधारणा नाही. कोकोपीटवर पांढरा थर आला आहे. काय करावे?

उत्तर: खत आज थांबवा. एक चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम. एवढ्या लहान रोपांना लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरते. उन्हाच्या तडाख्यात पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, तोच तो पांढरा थर. मुळांभोवती क्षार साचले की, कोकोपीट ओले असूनही, मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते, आणि रोप उपाशी असल्यासारखे दिसू लागते. अशा वेळी आणखी खत घालण्याचा मोह होतो आणि नेमके त्यानेच रोप हातचे जाते.

पाने दुपारी वळून रात्री उलगडत असतील, तर दोष मुख्यतः उष्णतेचा आहे. सकाळीही ती वळलेलीच राहत असतील, तर मुळांकडे पाहावे लागेल. एक रोप हलकेच उपसून पाहा: मुळे पांढरी आणि टणक असतील, तर काळजीचे कारण नाही, तपकिरी आणि गिळगिळीत असतील, तर ते रोप काढून टाका.

उरलेल्या ट्रेमधून संध्याकाळी, कोकोपीटच्या दुप्पट-तिप्पट स्वच्छ पाणी सावकाश ओता, ते पूर्ण निथळू द्या आणि खालच्या ताटलीत साचू देऊ नका. पुढचे चार-पाच दिवस गरजेपुरते साधे पाणी द्या. ट्रे पूर्वेच्या खिडकीकडे हलवा, वारा खेळता ठेवा आणि पानांच्या उंचीवर तापमापक लावा, कारण बंद काचेआड तापमान खोलीपेक्षा बरेच चढते. टोमॅटोची रोपे 30 अंशांच्या आत सुखाने वाढतात, 35 च्या पुढे त्यांची वाढ खुंटते. ट्यूब रोपांपासून साधारण फूटभर वर असावी.

त्यानंतर आठवड्यातून एकदा वरील कमी मात्रेत खत सुरू करा. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवते, म्हणून मधल्या एखाद्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्यावे. मात्र ते 19:19:19 मध्ये मिसळू नये, कारण कॅल्शियम आणि स्फुरद यांचा साका तळाशी बसतो. करपलेल्या कडा पुन्हा हिरव्या होणार नाहीत; रोप सावरले की नाही, ते नव्या पानांवरून ठरवा. सर्वांत खालची दोन पाने बीजपत्रे, म्हणजे बियातून आलेली पहिली पाने असतील, तर त्यांचे पिवळे पडणे स्वाभाविक आहे.

प्रश्न: मिरचीच्या रोपांची नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या आहेत. पाणी बोअरचे आहे.

उत्तर: हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे आहे. बोअरच्या जड पाण्याने सामू (पीएच) वाढतो आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. आधी पाणी बदला. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. नव्या पानांत फरक न दिसल्यास चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातील लोह) वेष्टनावरील सर्वांत कमी मात्रेत, उन्हे उतरल्यावर द्या.