लेन्सवरच्या कोटिंगने फोटोत खरंच फरक पडतो का?

मामांच्या कपाटात ५० मिमीची जुनी लेन्स सापडली, काचेवर जांभळट झाक आहे, पुढे दोन बारीक ओरखडे आहेत आणि दुकानदार म्हणतो 'कोटिंग गेलंय, टाकून द्या', असं तुम्ही लिहिलंय. टाकू नका. झाक दिसतेय म्हणजे कोटिंग, म्हणजे काचेवर चढवलेला अगदी पातळ थर, जागेवर आहे.

कोटिंगमुळे फोटो जास्त शार्प येतो असं बरेच जण समजतात. तसं नाही, कोटिंग फक्त नासाडी थांबवतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४% प्रकाश मागे फिरतो. रात्री खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो तो त्यामुळेच. आणि एका लेन्समध्ये अशा अनेक काचा एकामागे एक असतात. १८९६ साली जर्मनीच्या झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने प्लॅनार नावाची लेन्स रचली. रचना उत्तम, पण हवेला भिडणारे पृष्ठभाग ८, म्हणजे आरपार जाणारा प्रकाश जेमतेम ७२%. झाइसचीच १९०२ ची टेसार लेन्स ६ पृष्ठभागांत भागवायची, म्हणून कितीतरी वर्षं तिचीच चलती राहिली. प्लॅनारला बरे दिवस आले ते कोटिंग आल्यावर.

प्रकाश कमी पडला तर एक्स्पोजर वाढवता येतं, त्याचं एवढं काही नाही. त्रास देतो तो मागे फिरलेला प्रकाश. तो आधीच्या एखाद्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो, आणि भलत्याच जागी पडतो. ४ टक्क्यांचे ४% म्हणजे ०.१६%. ऐकायला क्षुल्लक, पण अंधाऱ्या देव्हाऱ्यातल्या निरांजनाच्या ज्योतीचे ०.१६% भोवतालच्या काळोखावर सहज उठून दिसतात. हा प्रकाश पसरला तर फोटोवर दुधाळ पडदा येतो, काळं करडं होतं. एकवटला तर रंगीत ठिपके. ८ पृष्ठभागांत अशा आपटाआपटीच्या २८ जोड्या होतात; ३० पृष्ठभागांच्या झूममध्ये ४३५! कोटिंगशिवाय आजच्या झूमची कल्पनाच करवत नाही.

गंमत म्हणजे १८९० च्या दशकात इंग्लंडच्या डेनिस टेलर या लेन्स रचणाऱ्याला दिसलं, की जुनाट, डागाळलेल्या लेन्समधून नव्यापेक्षा जास्त प्रकाश जातो. मुद्दाम थर चढवायची पद्धत १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काढली, आणि जर्मन लष्कराने ती गुपित ठेवली. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर असतो साधारण १०० नॅनोमीटरचा. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि तो प्रकाश पुढे जातो. एकाच थरात हे हिरव्या रंगाला नीट जमतं, तांबडा-निळा थोडा परततो. तुमची जांभळी झाक ती हीच. पुढे १९७१ पासून पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्सवर अनेक थरांचं कोटिंग आलं आणि परतणारा प्रकाश अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला.

माझा धडा विसर्जनाच्या रात्रीचा. 'लेन्सला संरक्षण' म्हणून दीडशे रुपयांचा यूव्ही फिल्टर लावला होता. घरी येऊन बघतो तर मिरवणुकीतल्या प्रत्येक हॅलोजनचा उलटा जुळा भाऊ आभाळात लटकतोय. फिल्टरला कोटिंगच नव्हतं. महागड्या लेन्सपुढे मी खिडकीची काच धरली होती म्हणा ना. तो काढला आणि भुतं गेली.

आता ओरखडे. पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे फोकसपासून इतके लांब असतात, की थेट ऊन पडल्याशिवाय फोटोत जाणवत नाहीत. मागच्या काचेवरचे जास्त नडतात. खरी भीती बुरशीची, त्यातही मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात. बुरशीचं आम्ल कोटिंग खातं, मग साफ केली तरी खूण राहते. घट्ट डबा आणि सिलिका जेल एवढं तरी कराच. आणि शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी ब्लोअरने धूळ उडवा.

सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढलात तर या लेन्सच्या आणि नव्या लेन्सच्या फोटोत फारसा फरक दिसणार नाही. उजेडासमोर मात्र हूड (लेन्सपुढे सावली धरणारी कड) लावा, नसेल तर हाताची सावली धरा. त्याआधी एक करा: मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर इथे फोटो टाका, बघू.