ओमर याघींनी एकाच जाळीदार पदार्थावर आख्खं करिअर कसं काय काढलं?

तुम्ही विचारलंय की 2025 चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले ओमर याघी तीसेक वर्षं एकाच प्रकारच्या भोकाभोकांच्या पदार्थावर काम करतायत, तर त्यात एवढं अवघड काय आहे, आणि ती भोकं खरंच असतात हे कळतं तरी कसं. माझी पीएचडी ह्याच पदार्थांवर झालीय, मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, आम्ही नुसतं एमओएफ म्हणतो, त्यामुळे थोडी लांबण लागेल पण सांगतो.

आधी पदार्थ काय ते. धातूचे अणू म्हणजे सांधे आणि ऑर्गॅनिक रेणू म्हणजे दांडे, असं तिन्ही दिशांना जोडत गेलं की मधे खोल्या तयार होतात, एकसारख्या, लाखो करोडो. याघींचा सगळ्यात गाजलेला एमओएफ-5 घ्या. झिंक नायट्रेट आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड (हो तेच, ज्यापासून पॉलिएस्टर आणि पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक बनतं) डीएमएफ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ओव्हनमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तळाला पारदर्शक चौकोनी खडे बसलेले असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बाटली उजेडाला धरून किती वेळ उभा होतो मला आठवतंय.

पण त्या खोल्या रिकाम्या नसतात. सगळ्या डीएमएफने गच्च भरलेल्या असतात, आणि खरी परीक्षा तिथून पुढे आहे.

बांधकामावर स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग असतं ना, स्लॅब कच्चा असताना काढलं तर सगळं खाली येतं. इथे ते सेंट्रिंगचं काम सॉल्व्हंट करत असतो. बाहेरून बघताना क्रिस्टल सुंदर दिसतो, एक्सरेने रचना काढली तर कागदावर मोठमोठ्या पोकळ्या दिसतात, आणि सॉल्व्हंट काढायला गेलं की आख्खी जाळी स्वतःवरच कोसळते आणि हातात उरते पांढरी भुकटी. रिचर्ड रॉबसन, नोबेलमधले दुसरे, ह्यांना 1974 मध्ये मेलबर्नला विद्यार्थ्यांना शिकवायला लाकडी गोळ्यांची मॉडेल्स बनवताना ही कल्पना सुचली, की गोळ्याला भोकं कुठे पाडलीत त्यावरच सगळी रचना ठरते, आणि 1989 मध्ये त्यांनी तांब्याचे आयन वापरून हिऱ्यासारखी जाळी प्रत्यक्षात बनवून दाखवली. कल्पना त्यांची, ह्यात वादच नाही. पण त्या जाळ्या नाजूक होत्या, टिकायच्या नाहीत. तिसरे जपानचे सुसुमु कितागावा, त्यांनी 1997 मध्ये त्रिमितीय जाळीत मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत जातो आणि बाहेर येतो हे दाखवलं, पण त्यानंतरही ग्रँट मागायला गेले की झिओलाइट (आधीपासून वापरात असलेले भोकाभोकांचे खनिज पदार्थ) असताना हे कशाला असंच ऐकायला मिळायचं.

आता याघींनी काय केलं. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम सांध्यावर आहे. आधीचे बरेच जण दांडा म्हणून बायपिरिडीनसारखे रेणू वापरायचे, जे धातूच्या एकेका अणूला एकाच टोकाने धरतात, म्हणजे मांडवाचा बांबू सुतळीने एका जागी बांधल्यासारखं, वारा आला की हलतो. याघींनी कार्बॉक्झिलेट घेतलं (टेरेफ्थॅलिक ॲसिडच्या दोन्ही टोकांना असतो तो गट), त्याच्यावर चार्ज असतो आणि ते दोन ऑक्सिजनांनी दोन धातूंना धरतं, त्यामुळे एकट्या अणूऐवजी धातूंचा एक गठ्ठाच सांधा बनतो. एमओएफ-5 मध्ये मधे एक ऑक्सिजन, त्याभोवती चार झिंक आणि त्याला सहा दिशांनी सहा दांडे. हा सांधा वळतच नाही. त्यात अडचण अशी होती की बंध जितका मजबूत तितका क्रिस्टल मिळायची शक्यता कमी, कारण चुकीच्या जागी जोडलेला रेणू सुटून परत नीट बसत नाही आणि गाळ तयार होतो, म्हणून अशा जाळ्या क्रिस्टल म्हणून मिळतील ह्यावर फार लोकांचा विश्वास नव्हता. 1995 मध्ये त्यांनी मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क हे नाव वापरलं, 350 अंशांपर्यंत टिकणारी कोबाल्टची जाळी दाखवली, आणि 1999 मध्ये एमओएफ-5.

आणि भोकं आहेत हे कळतं कसं? सॉल्व्हंट सावकाश बदलायचा, डीएमएफच्या जागी क्लोरोफॉर्मसारखा पटकन उडणारा, मग व्हॅक्युमवर तो काढून टाकायचा, आणि रिकाम्या झालेल्या पावडरीला उणे 196 अंशांना नायट्रोजन पाजायचा. किती प्यायली त्यावरून आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ निघतं. एमओएफ-5 चं आलं एका ग्रॅमला सुमारे 2900 चौरस मीटर. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं, म्हणजे चिमूटभर पावडरीत बावीस मैदानं. नंतर इतरांनी 7000 च्याही वर नेलं. आमच्या लॅबमध्ये त्या मशीनवर रात्रभर सॅम्पल लावून घरी गेलं की झोप लागायची नाही, सकाळी ग्राफ सुरुवातीलाच एकदम वर चढलेला दिसला तर जाळी उभी आहे, आणि आडवा झोपलेला दिसला तर गेली.

एमओएफ-5 ची एक मोठी कमजोरी आहे, दमट हवा. माझ्या पहिल्या वर्षी जुलैमध्ये एका बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं, दोन दिवसांनी एक्सआरडी काढला (क्रिस्टलची रचना शाबूत आहे का ते सांगणारा एक्सरेचा ग्राफ) तर ओळखीची टोकं सगळी गायब. दिसायला पावडर तशीच, आत पाण्याने झिंकचे सांधे सोडवलेले. तीन आठवड्यांचं काम होतं ते. तेव्हा बरेच लोक म्हणायचेच की हवेत टिकत नाही अशा गोष्टीचा उपयोग काय, आणि तो प्रश्न रास्त होता. मग लोक झिर्कोनियमकडे वळले, 2008 मध्ये ओस्लोच्या ग्रुपने झिर्कोनियमचा असा सांधा काढला की पाण्यात ठेवला तरी हलत नाही, आणि त्यानंतर याघींनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त भिडतं, जे पाणी जाळी मोडायचं तेच पाणी पकडायला जाळी वापरली. 2017 मध्ये झिर्कोनियम आणि फ्युमॅरिक ॲसिडचा एमओएफ-801 घेऊन एमआयटीच्या लोकांबरोबर त्यांनी दाखवलं की आर्द्रता जेमतेम 20 टक्के असली तरी हवेतली वाफ तो शोषतो आणि नुसत्या उन्हाच्या उष्णतेने सोडतो, पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाळवंटात चाचणी झाली.

ह्याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे. 1965 चा जन्म, जॉर्डनमधलं अम्मान, पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंब, एका खोलीत सगळी भावंडं आणि जनावरंही तिथेच, आईवडलांना जेमतेम लिहितावाचता यायचं. नळाला पाणी आठवड्या दोन आठवड्यातून काही तास यायचं आणि आलं रे आलं की सगळी गल्ली भांडी घेऊन धावायची. दहाव्या वर्षी शाळेच्या लायब्ररीत एका पुस्तकात रेणूंची चित्रं दिसली, गोळे आणि काड्या, तिथून वेड लागलं. पंधराव्या वर्षी अमेरिकेत, कम्युनिटी कॉलेज, पोटासाठी दुकानात सामान पिशव्यांत भरणं, फरशा पुसणं, मग ऑल्बनीहून डिग्री आणि 1990 मध्ये इलिनॉयमधून पीएचडी. मी लातूरचा आहे, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीतही रात्री दोनला हंड्यांचा आवाज व्हायचा, त्यामुळे त्यांची ती पाण्याची आठवण मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचा पेपर त्या दिवशी वाचवलाच नाही. ह्याने लातूरची तहान भागेल असं मी म्हणणार नाही, किलोभर पावडरीमागे दिवसाला मिळणारं पाणी लिटरमध्ये मोजायचं, शहराला टँकर लागतात. पण एखाद्या दूरच्या घरात पिण्यापुरतं पाणी, तेही विजेशिवाय, ही लहान गोष्ट नाही.

एकाच पदार्थावर आयुष्य म्हणालात ते मात्र पूर्ण बरोबर नाही. एकदा सांधा हाताशी आला की दांडा बदलून खोली लहानमोठी करता येते, 2002 मध्ये त्यांनी एमओएफ-5 च्याच नकाशावर 16 वेगवेगळे पदार्थ बनवले, 2005 मध्ये धातूच काढून टाकून नुसत्या ऑर्गॅनिक जाळ्या, मग झिफ, म्हणजे झिओलाइटसारख्या रचनेचे एमओएफ. त्या झिफच्या 2008 च्या कामातले पहिले लेखक राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) होते, म्हणजे ही विद्या आपल्या दारापर्यंत आलेली आहे.

भोकं डोळ्यांनी बघायची असतील तर आमच्या कॉलेजला या. याघींचा नाही, हाँगकाँगच्या ग्रुपचा 1999 चा तांब्याचा एमओएफ आहे, एचकेयूएसटी-1, मी तो मुलांसाठी तापवून बंद बाटलीत ठेवतो, तेव्हा आत काही नसतं आणि रंग गडद जांभळा असतो. झाकण उघडून टेबलावर ठेवायचं आणि बोलत बसायचं. हवेतलं पाणी आत शिरत जातं, तांब्याला चिकटतं, आणि जांभळी पावडर कडेकडेने आकाशी होत जाते.