कार्टून सिरीजचं 'बायबल' म्हणजे नक्की काय असतं?
सिरीज बनायच्या आधीच लिहितात ते डॉक्युमेंट, त्यात कॅरेक्टर कोण, कसे बोलतात, त्यांच्या जगात काय चालतं, काय अजिबात चालत नाही आणि एपिसोडच्या छोट्या छोट्या आयडिया, सगळं येतं. मी गोरेगावला स्टोरीबोर्ड (म्हणजे सीन आधी चित्रांत मांडून दाखवणं) करतो, एका सिरीजवर लेखक बरेच असतात, बायबल नसेल तर प्रत्येकाचा हिरो वेगळाच वागायला लागतो हो. १९९२ च्या बॅटमॅन सिरीजचं बायबल ब्रूस टिम, पॉल डिनी आणि मिच ब्रायन यांनी लिहिलं, मिळालं तर वाचाच, खूप शिकायला मिळतं, आणि त्या सिरीजची बॅकग्राउंड काळ्या कागदावर रंगवायचे म्हणून बॅटमॅनचं शहर गॉथम इतकं अंधारं दिसतं. पिच करणार असाल, म्हणजे सिरीजची आयडिया कुणाला विकायला मांडणार असाल, तर आधी कॅरेक्टरवर वेळ घालवा, चित्रं नंतर.