मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट लागतो का, आणि दंड कोणाला होतो?

अमळनेरहून धुळ्याला लग्नाला निघताना पाच आसनी गाडीत सहा जण बसले, मागे कोणी पट्टा लावला नाही, तर दंड कोणाला, असा आपला प्रश्न आहे. दंड चालकालाच होतो. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 194ब नुसार स्वतः पट्टा न लावता गाडी चालवणे आणि पट्टा न लावलेले प्रवासी नेणे, या दोन्हींसाठी 1000 रुपये दंड आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138(3) मागच्या सीटलाही लागू होतो. मात्र तो पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनांपुरता आणि गाडी चालू असतानाचा आहे, त्यामुळे जुन्या जीपमधील समोरासमोरच्या बाकांना तो लागू होत नाही. आपल्याकडे मागची बकले सीटकव्हरखाली दडपलेली असतात, ती निघण्यापूर्वीच बाहेर काढावीत.

सहाव्या प्रवाशाचा प्रश्न वेगळा आहे. आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेल्या आसनसंख्येत चालकही धरलेला असतो. जादा प्रवाशामागे कलम 194अ नुसार 200 रुपये दंड आहे, पण तो टॅक्सीसारख्या परिवहन वाहनांनाच; खासगी गाडीला हे कलम लागू होत नाही. भाड्याची गाडी असेल तर रक्कम किरकोळ वाटते, पण जादा माणसे उतरवून त्यांची पर्यायी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही, आणि भर उन्हात पारोळ्याच्या रस्त्यावर तेच अधिक महागात पडते.

चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यासही चालकाला 1000 रुपयेच दंड आहे.