बाबांची कंपवाताची गोळी दुपारी लागू पडत नाही. डोस आपणच वाढवावा का, की खाजकुयलीची पूड द्यावी?

डोस वाढवू नका, आधी वेळ बघा. गोळीतलं औषध म्हणजे लेवोडोपा; ते आणि माशातली प्रथिनं शोषली जाताना एकाच दारात धक्काबुक्की करतात. बांगड्याच्या तिखल्याबरोबर घेतलेली गोळी मागे पडते. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर द्या. मळमळलं तर एखादं बिस्किट. मासे सोडा म्हणू नका, मालवणात कोण ऐकतंय!

गोळी किती वाजता घेतली, शर्टाचं बटण कधी लावता आलं, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. खाजकुयलीच्या बियांतही लेवोडोपाच असतो, पण प्रमाण पुडीगणिक वेगळं. जास्त झाला तर अंग आपोआप वळवळतं, भास होतात. आणि चालू गोळी एकदम बंद करू नका. ताप, ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.