बैजवार हेवा

सोलापूर

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. नागपूरच्या होस्टेलच्या मेसमध्ये पुन्हा तोच विषय निघाला, यवतमाळच्या पोरीने चारचौघींत विचारलं, 'काय गं सोलापूर, तुमचा कप कधी?' आणि तू भरल्या ताटावरून उठलीस. ताटावरून उठायचं नाही, एवढं आधी लक्षात ठेव. बाकी तुझा राग रास्त आहे. विदर्भाने आठ हंगामांत तीनदा रणजी करंडक नेला आणि आपल्या महाराष्ट्राने १९४०-४१ नंतर एकदाही नाही. हे ऐकून ज्याच्या पोटात काही होत नाही, त्याने क्रिकेट बघायच्या भानगडीत पडू नये.

शेवटी तू विचारलंस, 'मामा, असं दुसऱ्यावर जळणं वाईट का?' जळ की! पण जळायचं तर बैजवार जळ. पेपरात करंडक उंचावलेला फोटो बघून नाक मुरडणं हा आळशी हेवा झाला. नीट हेवा करायला त्यांचं खातं अगदी मागच्या पानापासून वाचावं लागतं, आणि त्याच्याही आधी आपलं.

आपल्या खात्याकडे वळण्यापूर्वी एक तंबी देतो. भांडणाच्या भरात मुंबईचे ४२ करंडक काढून 'हे बघा आमचे' म्हणू नको. बाहेरच्याला वाटतं, राज्य एक म्हणजे संघ एक. रणजीच्या पटावर आपल्या राज्याचे तीन तुकडे आहेत: मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि उरलेला मुलूख म्हणजे 'महाराष्ट्र'. त्यात पुणं, कोल्हापूर, नाशिक आणि आपण. मुंबईच्या त्या ४२ मधले काही तर आपल्याच छातीवर पाय देऊन नेलेत. १९७०-७१ चा अंतिम सामना घे. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर हे सगळे भारताच्या संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले. मागे उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक उतरले. समोर आपण, आपल्याकडे चंदू बोर्डे. याहून चांगला मोका कुठला? तरी मुंबईनेच नेला. आणि पॉली उम्रीगर, कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय, जन्मले आपल्या सोलापुरात आणि नाव केलं मुंबईकडून. तेव्हा मुंबईच्या जिवावर मिशीला तूप लावू नये.

आता आपलं खातं. करंडक दोनच, १९३९-४० आणि १९४०-४१, लागोपाठ. दोन्ही वेळा कप्तान प्रा. दि. ब. देवधर. दुसऱ्या अंतिम सामन्यात त्यांनी मद्रासविरुद्ध १९६ धावा केल्या तेव्हा वय होतं ४९. आजकाल पस्तिशीला पोरं कॉमेंट्री बॉक्समध्ये जाऊन बसतात.

पण करंडकांपेक्षा मला १९४८-४९ चा हंगाम जास्त प्यारा आहे. आपलं नशीब समजून घ्यायचं असेल तर तोच वाच, सगळं त्यात आहे. डिसेंबर १९४८, पुणं, समोर काठियावाड. आपला भाऊसाहेब निंबाळकर खेळतोय. तिसऱ्या दिवशी उपाहाराला तो नाबाद ४४३, संघ ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. दोन-तीन षटकांचं काम. काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. ते म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरंच सामानसुमान आवरून त्यांचा संघ निघून गेला. समोर गोलंदाजच नाही म्हटल्यावर निंबाळकर काय करणार? ४४३ वर थांबला. प्रथम श्रेणीत भारतीयाची त्याहून मोठी खेळी अजून झालेली नाही, आणि त्या माणसाला अधिकृत कसोटी एकदाही मिळाली नाही.

एवढ्यावर भागलं नाही. त्याच हंगामात, मार्चमध्ये, पुण्यातच मुंबईशी उपांत्य सामना. मुंबई ६५१, आपण ४०७. मुंबई पुन्हा ८ बाद ७१४. आणि आपण चौथ्या डावात ६०४! चौथ्या डावात सहाशे चार, आणि हरलो. सामन्यात १०११ धावा करून ३५४ धावांनी हरलेला संघ आहे आपला. चारही डावांची बेरीज २३७६ होते. जगात प्रथम श्रेणीच्या कुठल्याही सामन्यात एवढ्या धावा झालेल्या नाहीत. मी आयुष्यभर जिल्ह्याच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसलो. तो कागद भरणाऱ्याच्या बोटांचं काय झालं असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

यवतमाळच्या पोरीला हे सांग. तिच्याकडे कप आहे, पण असला किस्सा नसणार.

पुढचं भराभर सांगतो, कारण त्यात रमण्यासारखं थोडं आहे. १९९२-९३ ला अंतिम फेरीत पंजाबने हरवलं. आयपीएलमध्ये पुण्याचा संघ २०१७ चा अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने हरला आणि पुढच्या हंगामाला संघच उरला नाही. २०२२ च्या विजय हजारे करंडकात, म्हणजे एकदिवसीय सामन्यांच्या स्पर्धेत, ऋतुराज गायकवाडने एका षटकात सात षटकार मारले, अंतिम सामन्यातही शतक केलं, आणि करंडक सौराष्ट्राने नेला.

थांबायचं आहे ते २०१४ च्या जानेवारीत. वानखेडेवर उपांत्यपूर्व सामना, पहिल्या डावात आपण चांगलेच मागे. घरोघर टीव्ही बंद झाले असतील. दुसऱ्या डावात आपल्या पोरांनी मुंबईला १२९ मध्ये गुंडाळलं आणि केदार जाधव, विजय झोल यांनी आठ गडी राखून सामना काढला. मुंबईला मुंबईत! केदारने त्या हंगामात १२२३ धावा केल्या. अंतिम सामना हैदराबादला कर्नाटकाशी होता, तो अर्थातच हरलो. त्यात कर्नाटकाच्या दोघांनी शतकं ठोकली, के. एल. राहुल आणि गणेश सतीश. हे दुसरं नाव लक्षात ठेव.

आता नागपूरचं खातं उघडू. विदर्भ रणजीत खेळायला लागला १९५७-५८ ला. पहिला करंडक २०१७-१८ ला. मधली साठ वर्षं त्यांच्यावर कोण जळत होतं? त्यांच्याशी सामना लागला की समोरचे गुण धरूनच चालायचे. तुझ्या मैत्रिणीचे आजोबा जिवंत असतील तर त्यांना विचार, विदर्भाचा संघ अंतिम फेरीत जाईल असं त्यांना कधी स्वप्नात तरी दिसलं होतं का. विदर्भातला पहिला कसोटीपटू उमेश यादव, तोही २०११ मध्ये. नागपूरजवळच्या जामठ्याचं मोठं स्टेडियम त्याच्या तीन वर्षं आधी तयार होतं. म्हणजे नुसत्या काँक्रीटने काही होत नाही. त्यांनी निवासी अकादमी काढली, लहान वयात पोरं हेरली, आणि बाहेरचा जाणता माणूस आणायला लाजले नाहीत. मुंबईहून वसीम जाफर आणला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आणले. पंडितांची शिस्त कडक, सगळ्यांना सोसतेच असं नाही. आणि कर्नाटकाहून कोण आला? गणेश सतीश. आपल्याला हैदराबादला रडवून तो विदर्भाकडे गेला आणि तिथे दोन करंडक जिंकला.

बाहेरून आणलेल्यांमुळेच जिंकले म्हणून नाक उडवू नको, ते अर्धंच खरं आहे. २०२४-२५ च्या विजयात करुण नायर होता, त्याने धावांची रास घातली, कबूल. पण त्याच हंगामात सगळ्यांत जास्त धावा केल्या यश राठोडने, ९६०. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामात इतके कोणी घेतलेले नाहीत. अंतिम सामन्यात १५३ काढणारा दानिश मालेवार एकवीस वर्षांचा होता. ही सगळी तिथलीच पोरं. पाहुण्याने शिकवावं आणि घरच्याने शिकावं, असं जमलं तिथे. जळायचं तर याच्यावर जळ. आपल्याकडे हे का जमलं नाही, हा प्रश्न मी जिल्ह्यापासून पुण्यापर्यंत अनेकांना विचारलाय, आणि दर वेळी चहा मिळालाय.

आणखी एक गंमत सांगतो, म्हणजे राग थोडा सैल होईल. २०१७-१८ चा अंतिम सामना विदर्भाने जिंकला त्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली. इंजिनिअर पोरगा, तुझ्याच लाइनचा, सिव्हिलवाला. आज तो आपल्या महाराष्ट्राकडून गोलंदाजी टाकतो. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाला करंडक मिळवून देणारा आदित्य सरवटे नागपूरचा. २०२४-२५ ला अंतिम सामना जामठ्यालाच झाला तेव्हा तो केरळची टोपी घालून उतरला आणि आपल्याच गावाविरुद्ध ७९ धावा करून नडला. आपल्याकडे आता जलज सक्सेना आलाय, पृथ्वी शॉ आलाय. खेळणारे इकडून तिकडे जातात, त्यांना पोट आहे. जागा सोडत नाहीत ते फक्त आपल्यासारखे. म्हणून 'मग मी विदर्भाची फॅन होऊ का' हे जे तू रडत रडत बोललीस ते मी ऐकलंच नाही असं समजतो. चार वर्षं शिकायला गेलीस म्हणून शेंगाचटणी सोडलीस का?

जानेवारी २०२४ मध्ये तू बारावीच्या अभ्यासात होतीस, म्हणून तुला पार्क स्टेडियमवर नेलं नाही, त्याची हळहळ वाटते. कितीतरी वर्षांनी रणजी सोलापुरात आली होती, मणिपूरविरुद्ध. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची लगबग, आणि इकडे सकाळच्या उन्हात कट्ट्यावर माणसं. माझ्या शेजारी पूर्व भागातले एक आजोबा, यंत्रमागावर आयुष्य गेलेलं, ऐकू कमी येत होतं. चेंडू तेलुगूत मोजायचे, फलंदाजाला शिवी मराठीत आणि पंचाला कन्नडमध्ये. सीमारेषेवर आपला एक खेळाडू उभा होता. जाळीमागची पोरं ओरडली, 'ओ दादा, इकडं बघा की!' तो वळला नाही, फक्त पाठीमागे हात नेऊन दोन बोटं हलवली. पोरं अशी नाचली की जणू करंडकच मिळाला. आजोबा मला म्हणाले, 'ह्याचं लक्ष चेंडूवर हाय, चांगला हाय हा.' पुढच्या महिन्यात सौराष्ट्राने आपल्याला त्याच मैदानात हरवलं. आजोबा त्याही सामन्याला डबा घेऊन आले होते.

आता थोडं रागावतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, १७ तारखेला, तू नागपुरातच होतीस. त्या दिवशी नागपुरातच महिलांच्या टी-ट्वेंटीत महाराष्ट्र विरुद्ध पंजाब सामना झाला. आपल्या सोलापूर जिल्ह्याची किरण नवगिरे सलामीला आली आणि ३४ चेंडूंत शतक मारलं, ३५ चेंडूंत नाबाद १०६. महिलांच्या टी-ट्वेंटीत जगातलं सगळ्यांत वेगवान शतक. ही पोरगी आधी नागालँडकडून खेळली, तिथे एका डावात नाबाद १६२ काढल्या, मग भारताकडून खेळली. स्वतःची स्पॉन्सर नसलेली बॅट, त्यावर हाताने धोनीचं नाव आणि नंबर लिहून तिने डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिलांच्या आयपीएलमध्ये, अर्धशतक केलेलं आहे. ती तुझ्या होस्टेलच्या शहरात येऊन जगाचा विक्रम करून गेली, आणि तू मला त्या आठवड्यात मेसेज काय पाठवलास? विदर्भाच्या कपाचा फोटो आणि तीन रडके चेहरे. पुढच्या खेपेला मेसमध्ये विषय निघाला की हे सांग. आवाज न चढवता सांग, आकडा पुरेसा आहे.

अर्शीन कुलकर्णीही आपल्याच गावचा. १९ वर्षांखालच्या विश्वचषकात शतक केलं, आयपीएलमध्ये गेला. त्याच्यावर नजर ठेव, पण लगेच देव्हाऱ्यात बसवू नको. आपल्याकडे ती घाई फार.

आता काम. सुट्टीच्या दिवशी त्या यवतमाळच्या पोरीला बरोबर घे आणि जामठ्याला किंवा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर विदर्भाचा रणजी सामना बघायला जा. पूर्ण दिवस बैस. मोबाईल पिशवीत. ती कप-कप करेल, करू दे. तू हर्ष दुबे बघ. डावखुरा फिरकीपटू आहे. क्रीझच्या जवळून टाकतो की कडेला जाऊन, नवा फलंदाज आला की वेग किती कमी करतो, कप्तान त्याला शॉर्ट लेग, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळचा क्षेत्ररक्षक, कधी देतो, हे सगळं वहीत टिपून ठेव. चांगला चेंडू पडला तर टाळी वाजव, त्याने आपला काही कमीपणा होत नाही. आणि सामना महाराष्ट्राशीच असेल तर टाळी दातओठ खाऊन वाजवलीस तरी चालेल.

वही भरली की फोटो काढून पाठव. इथे जिल्ह्याच्या चौदा वर्षांखालच्या पोरांत एक डावखुरा आहे, चेंडूला उंची छान देतो पण प्रत्येक चेंडू एकाच जागेवरून सोडतो. त्याला दाखवायचंय. दुबेचं निरीक्षण सकाळच्या सत्राचं वेगळं आणि चहापानानंतरचं वेगळं लिही, खेळपट्टी बदलते. अक्षर नीट काढ.

शेंगाचटणीचे दोन डबे तुझ्या आईने भरून ठेवलेत, गाडीने येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो. एक यवतमाळला दे.

तुझा,
मामा