फॅशन डॉलचं वेड आणि न उघडलेली खोकी

तुमचे प्रश्न दोन आहेत. चाळिशी उलटली तरी फॅशन डॉलचं वेड जात नाही, घरचे चेष्टा करतात, तर आपलं काही चुकतंय का? आणि जमवलेल्या बाहुल्या खोक्यातच ठेवाव्यात की बाहेर काढाव्यात? माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकातच येतं, म्हणून आधी पहिल्याकडे वळते.

बाळाची बाहुली हातात घेतली की आपण तिची आई होतो. तिला निजवायचं, भरवायचं, दटावायचं. तो खेळ वयाबरोबर सुटतो. फॅशन डॉल मात्र मुळातच मोठी बाई असते, तिला आई नकोच असते. तिला हवं असतं कपडे बेतणारं, केस बसवणारं, उजेडात उभी करून चार बाजूंनी निरखणारं माणूस. या कामांत हात आणि नजर वयाबरोबर सुधारतात. मग हे वेड कमी व्हायचं कशाला?

शिवाय या बाहुल्या पहिल्यापासून फक्त मुलांच्या नव्हत्याच. सतराव्या-अठराव्या शतकात पॅरिसच्या नव्या तऱ्हा युरोपातल्या दरबारांत पोचायच्या त्या बाहुल्यांच्या अंगावरून. त्यांना ‘पँडोरा’ म्हणत. बार्बीचंही तेच. जर्मनीत ‘बिल्ड’ वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांतली लिली १९५५ मध्ये बाहुली होऊन बाजारात आली, ती मोठ्यांसाठी, गंमत म्हणून भेट द्यायची वस्तू. पुढे तिच्यावरून बार्बी घडवणाऱ्या रूथ हँडलर यांनी ती १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहलीत पाहिली. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना बायकांचे कपडे चढवत तासन् तास रमते, हे त्यांच्या डोक्यात आधीच घोळत होतं. ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात बार्बी आली. उंची साडेअकरा इंच, किंमत तीन डॉलर. तिचे सुरुवातीचे कपडे शार्लट जॉन्सन या फॅशन डिझायनरने केले होते आणि ते शिवले गेले जपानात. अस्तर, चेन, इवलाली बटणं, सगळं नीट. ते कपडे हातात घेऊन बघितले की ‘हे काय पोरखेळ’ म्हणणारे गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. (सगळे होत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका.)

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र खेळण्याचं नाहीच. १९४५ मध्ये, युद्ध संपत आलेलं आणि कापडाची टंचाई, अशा वेळी पॅरिसच्या फॅशनगृहांनी माणसाच्या एक तृतीयांश आकाराच्या तारेच्या बाहुल्या करून त्यांना त्या मोसमाचे कपडे घातले. ‘थिएट्र द ला मोद’ नावाचं हे प्रदर्शन लूव्रच्या इमारतीतल्या मार्सां दालनात भरलं आणि पुढे परदेशीही फिरलं. बालेन्सियागा, स्कियापारेल्ली, लांवँ, नीना रिची अशी घराणी त्यात होती. त्या बाहुल्या आता अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. घरच्यांना काही दाखवायचंच असेल तर त्यांचे फोटो दाखवा.

आता खोक्याचं. माझं मत स्पष्ट आहे: काढा. ‘न उघडलेली’ बाहुली जास्त भावाने विकली जाते हे खरं, पण ते दुर्मिळ बाहुल्यांपुरतं. नव्वदच्या दशकात ‘संग्राहकांसाठी’ म्हणून निघालेल्या कित्येक बाहुल्या इतक्या प्रचंड संख्येने बनल्या आणि इतक्या लोकांनी त्या तशाच जपल्या, की त्यांना आज फारसा भाव नाही. तुमच्याकडची एखादी खरोखर जुनी, पहिल्या वर्षांतली असेल तर गोष्ट वेगळी, ती आधी जाणकाराला दाखवा. त्यात एक खाचखळगा सांगून ठेवते. बार्बीच्या अंगावर १९६६ कोरलेलं दिसलं की लोक उड्या मारतात. ते वर्ष त्या शरीराच्या साच्याच्या स्वामित्वहक्काचं आहे, बाहुली बनल्याचं नव्हे. तोच शिक्का पुढे कित्येक दशकं चालला.

आणि खोक्यात बाहुली सुरक्षित असते हाही भ्रमच. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू पृष्ठभागावर येतं, हातपाय चिकट होतात. लाल-काळ्या कपड्याचा रंग अंगाला लागतो. रबरबँड वितळून केसांत बसतो. जुन्या बाहुल्यांच्या धातूच्या कुड्यांतलं तांबं कानाला हिरवा डाग पाडतं. खोकं बंद असेल तर हे सगळं तुम्हाला दिसत नाही एवढाच फरक. बाहेर काढून कुड्या वेगळ्या ठेवा, थेट उन्हापासून दूर ठेवा, बूट दुसऱ्या प्लॅस्टिकला टेकवून ठेवू नका, गडद कपडे घालून महिनोन् महिने उभी करू नका. हिरव्या डागावर मुरुमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम लावतात, पण ते सावकाश काम करतं आणि व्हिनाइलचा मूळ रंगही उडवू शकतं, तेव्हा आधी एखाद्या टाकाऊ बाहुलीवर करून बघा.

बाहेर काढलीच आहे तर शिवायला बसा. खरी मजा तिथे आहे. बार्बी साधारण एक षष्ठांश मापाची. सगळं सहापट लहान होतं, कापडाची जाडी मात्र होत नाही. पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) ठेवली तर ती माणसाच्या अंगावर दीड इंच ठेवल्यासारखी वाटते. कमरेला चुण्या, पट्टी, अस्तर असे थर आले की चांगली सडपातळ बाहुलीही ढब्बी दिसते. तेव्हा पातळ सुती व्हॉइल किंवा लॉन घ्या, माया शिवून झाल्यावर छाटा, चुण्यांऐवजी डार्ट (आतून शिवलेली निमुळती घडी) घाला. छापील कापडावरची फुलं बाहुलीच्या मापाची हवीत, माणसाच्या मापाचं एकच फूल सगळा झगा व्यापतं. मागे वेल्क्रोऐवजी छोटं टिचबटण लावा, वेल्क्रो केसांत अडकतो आणि पाठीला फुगवटा देतो. कपड्याचा बेत (पॅटर्न) आधी टिश्यू पेपरवर करून बाहुलीच्या अंगावर टाचून बघा.

२०१६ पासून बार्बी उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशीही मिळते, त्यामुळे जुने बेत सगळ्यांना बसत नाहीत. प्रत्येकीचं माप घ्या. मोठ्यांसाठीच काढलेली, १९९५ ची जीन ही साडेपंधरा इंचांची बाहुली कुठे मिळाली तर नवशिक्याच्या बोटांना ती जास्त सोयीची. तुमच्याकडे ब्लाइथ नावाची बाहुली असल्याचं लिहिलंय, तिच्यावर हे बेत चालवू नका. तिचं डोकं मोठं आणि अंग किरकोळ, त्यामुळे गळ्यातून काहीच जात नाही. सगळं मागून पूर्ण उघडणारं शिवावं लागतं. १९७२ मध्ये निघाली तेव्हा ती एकच वर्ष चालली, लोकांना तिचे रंग बदलणारे डोळे आवडले नाहीत म्हणतात. २००१ मध्ये जपानात पुन्हा निघाली आणि तिला उचलून धरलं ते मोठ्यांनीच.